बाळाचे अंथरूण: धागा कोणता, याआधी ते वाळते का हे पाहा

मुलुंडच्या एका जोडप्याने मार्चमध्येच प्रश्न विचारला आहे, हे फार बरे केले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे बाळ येणार आहे. त्याच्यासाठी फोम आणि प्लास्टिक टाळून, पर्यावरणाला जपणाऱ्या नैसर्गिक धाग्यांचे अंथरूण घ्यावे अशी त्यांची इच्छा आहे. दुकानात त्यांना बांबूच्या कापडाचा ‘ऑरगॅनिक’ संच दाखवला गेला, ज्यात गादीबरोबर उशी, दोन लोड, रजई आणि पाळण्याच्या कठड्याला बांधायची गुबगुबीत झालर आहे. घरी सासूबाई जुन्या साड्यांची गोधडी आणि मोहरीची उशी शिवायला बसल्या आहेत. घर चौदाव्या मजल्यावर आहे आणि बाल्कनीत सकाळी दोन तास ऊन येते. यातले काय घ्यावे आणि काय सोडावे?

मी वस्त्रतंत्रज्ञ आहे. कापड आणि भरणाचा कापूस तपासण्यात तीस वर्षे गेली. बालरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे झोपेच्या सुरक्षिततेविषयी खाली जे लिहिले आहे ते त्या शास्त्राचे सर्वमान्य म्हणणे आहे, माझे नव्हे. माझे स्वतःचे म्हणणे एवढेच आहे की मुंबईत बाळाचे अंथरूण घेताना, ती वस्तू भिजल्यावर तुमच्या घरात, तुमच्या त्या दोन तासांच्या उन्हात, आषाढ-श्रावणात किती वेळात पूर्ण वाळेल हे आधी पाहावे आणि धाग्याचे नाव त्यानंतर विचारावे. या कसोटीला जे उतरत नाही, ते कितीही नैसर्गिक असले तरी सहा महिन्यांत फेकावे लागते, आणि फेकलेली गादी पर्यावरणाच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

नैसर्गिक धागे पाणी पितात, हाच त्यांचा मोठा गुण आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, लोकर १५-१६ टक्के धरते आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच सुती कापडावर बाळाची पाठ घामाने चिकचिकत नाही. परंतु हाच हिशेब गादीला लावून पाहा. पाच किलो कापसाच्या गादीत बऱ्यापैकी कोरड्या दिवशीही सुमारे ४०० ग्रॅम पाणी मुरलेले असते, आणि जुलैमध्ये मुंबईची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की त्यात आणखी भर पडते. त्यावर बाळाची शू, दूध, घाम. हे पाणी बाहेर पडायला ना ऊन, ना वारा. बुरशीला याहून सोयीची जागा दुसरी नाही, आणि ५० टक्क्यांच्या वरची आर्द्रता मानवणाऱ्या धूळकिड्यांनाही ती तितकीच सोयीची असते.

माझ्या मुलीच्या वेळी मी स्वतः हीच चूक केली. गिरगावातल्या दोन खोल्यांत, ऐन पावसाच्या तोंडावर, ओळखीच्या गादीवाल्याकडून पाच इंच जाडीची शुद्ध कापसाची गादी करून घेतली आणि ती सलग प्लायवूडच्या फळीवर घातली. वरून ती रोज झटकत होते, चादर रोज बदलत होते. तिसऱ्या आठवड्यात खोलीला कुबट वास येऊ लागला, म्हणून गादी उलटली, तर फळीला टेकलेल्या बाजूवर मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटली होती, आणि शिवण उसवून हात घातला तर मधला कापूस हाताला गार लागत होता. धागा शुद्धच होता, फक्त त्याला वाळायला जागा नव्हती.

तेव्हापासून जो विचारेल त्याला मी आधी गादीची जाडी आणि तिच्या खालची फळी यांबद्दल सांगते. पाळण्याचा किंवा खाटेचा तळ सलग नको. पट्ट्यांचा, मध्ये फटी असलेला हवा. गादीचा गाभा काथ्याचा घ्यावा. नारळाच्या सोडणातून निघणाऱ्या या धाग्यात लिग्निनचे, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण भरपूर असते, म्हणून तो सहज कुजत नाही. काथ्याला पीळ देऊन स्प्रिंगसारखा कुरळा करतात, त्यावर रबराचा चीक फवारतात आणि उष्णतेने तो पक्का करतात. तयार झालेली पाटी टणक आणि आरपार सच्छिद्र असते, म्हणजे तिच्यातून हवा खेळते. दोन बाय चार फुटांच्या पाळण्याला तीन इंचांची पाटी पुरते. काथ्याची टोके टोचू नयेत म्हणून तिच्यावर पिंजलेल्या कापसाचा घट्ट टाके घातलेला, अर्ध्या इंचाहून जाड नसलेला थर, आणि या सगळ्यावर चेनची सुती खोळ. विकत घेताना चेन उघडून आत पाहाच, कारण ‘काथ्याची गादी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाद्यांमध्ये काथ्याच्या वर दोन इंच फोम चिकटवलेला असतो. घरात कोणाला रबराची ॲलर्जी असेल तर रबर लावलेला काथ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

गादी टणक हवी, हा माझ्या आवडीचा प्रश्न नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुधारून दिलेल्या सूचनांनुसार वर्षाच्या आतील बाळाला प्रत्येक झोपेसाठी पाठीवर, टणक आणि सपाट पृष्ठभागावर झोपवावे, आणि त्याच्या झोपेच्या जागेत उशी, रजई, मऊ खेळणी, कठड्याची झालर यांपैकी काहीही ठेवू नये. बाळ पहिले सहा महिने तरी आईवडिलांच्याच खोलीत, परंतु स्वतंत्र अंथरुणावर असावे. कारण सरळ आहे. एवढ्या लहान बाळाचे नाकतोंड मऊ वस्तूत रुतले तर मान वळवून ते सोडवून घेण्याची ताकद त्याच्यात नसते. मऊ वस्तू सेंद्रिय कापसाची असली तरी ती मऊच असते. तळहाताने गादी दाबून हात उचलला की खळगा लगेच भरून आला पाहिजे, आणि गादी व कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून जास्त फट राहता कामा नये.

म्हणजे दुकानातल्या संचातली गादी सोडली तर जवळजवळ सगळे परत गेले, असेच समजा. मोहरीच्या उशीबद्दल सासूबाईंना वाईट वाटेल, पण तिलाही नम्रपणे नाही म्हणावे लागेल. डोके गोल राहावे हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो बाळ जागे असताना त्याला समोर बसून पोटावर खेळवल्याने, तसेच झोपवताना डोक्याची दिशा आलटून पालटून ठेवल्याने साधतो. एखादी शिवण सुटली तर मोहरीचे दाणे थेट बाळाच्या तोंडापर्यंत जातात, शिवाय पावसाळ्यात त्यांना कीड लागते. झोळीचेही तसेच: तिच्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते, त्यामुळे ती जागेपणी, नजरेसमोर, थोडा वेळ झुलवायला ठीक आहे, रात्रीच्या झोपेला नाही.

आता कापूस. भरणासाठी लांब धाग्याचा, महागडा कापूस लागतो हा गैरसमज आहे. तो सूत काढायला चांगला. गादीला आखूड आणि जाडसर धाग्याचा देशी कापूस बरा, कारण तो दाबल्यावर पुन्हा उसळतो आणि लवकर बसत नाही. सावरीचा कापूस अगदी हलका आणि रेशमी असतो, पण तो उडतो, नाकात जातो, धुता येत नाही आणि त्याची उशी फार मऊ होते. बाळासाठी तो पूर्ण बाद. गादीवाल्याकडे ‘नवीन कापूस’ म्हणून जे मिळते त्यात अनेकदा गिरणीचा टाकाऊ कापूस किंवा चिंध्या पिंजून केलेला कापूस मिसळलेला असतो. ओळखणे सोपे आहे: मूठभर कापूस पांढऱ्या कागदावर पसरा आणि बोटांनी विलग करा. रंगीत धाग्यांचे तुकडे, पिळाचे बारीक दोरे दिसले तर त्या चिंध्या आहेत. सरकीच्या सालीचे काळपट कण दिसले तर मात्र घाबरू नका. ते कापसाचेच कण असतात. शक्य असेल तर गादीवाल्याला घरी बोलावून गच्चीवर समोर पिंजून घ्या. धुनकीचा तो टणत्कार मुंबईच्या सोसायट्यांमधून हळूहळू नाहीसा होत आहे, हे जाता जाता सांगते.

कापूस पर्यावरणाला कितपत जपतो, यावर मोठे वाद आहेत. एक किलो कापसाला हजारो लिटर पाणी लागते हे वाक्य सर्वत्र वाचायला मिळते. ते बारमाही सिंचनाच्या प्रदेशांना जसे लागू पडते तसे विदर्भ-मराठवाड्याला लागू पडत नाही, कारण आपल्याकडचा कापूस बहुतांश कोरडवाहू, पावसावर येणारा आहे. खत आणि कीटकनाशके यांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तेथे सेंद्रिय कापसाला अर्थ आहे. मात्र ‘ऑरगॅनिक’ या एका शब्दावर विश्वास ठेवू नये. २०२० साली जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या चालकांनीच जाहीर केले होते की भारतातील सुमारे २० हजार टन कापसाला खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय ठरवण्यात आले होते. या मानकाच्या खऱ्या लेबलवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो, आणि तो क्रमांक त्यांच्या सार्वजनिक यादीत शोधता येतो. लेबलवर नुसते ‘ऑरगॅनिक’ असेल तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो. ‘सेंद्रिय धाग्यांपासून बनवलेले’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर किमान ७० टक्के. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे दुसरे लेबल शेतीबद्दल काहीच सांगत नाही, ते तयार कापडातील घातक रसायने तपासते; त्यातील पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कापडाचा आणि सर्वांत कडक असतो. पैसे मोजून दोनपैकी एकच घेणे परवडत असेल तर बाळाच्या त्वचेला टेकणाऱ्या चादरीसाठी मी दुसरे लेबल पाहीन आणि गादीच्या भरणासाठी पहिले.

आता त्या बांबूविषयी, कारण येथे सर्वांत जास्त फसवणूक होते. बांबू या नावाने विकले जाणारे मऊ, रेशमी कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असते: बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या विषारी रसायनाच्या मदतीने विरघळवून त्यातून कारखान्यात ओढलेला धागा. बांबू हा तिथे फक्त लगद्याचा स्रोत, जसे एखाद्या दुसऱ्या झाडाचे लाकूड असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ सालीच अशा कापडाला ‘बांबू’ म्हणून विकण्याविरुद्ध कारवाई केली होती. ते कापड बाळाला इजा करते असे नाही. परंतु नैसर्गिक धागा म्हणून दुप्पट भाव देण्यासारखेही त्यात काही नाही.

घरी तपासायचे असेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळा, अर्थातच मोरीत, पाणी जवळ ठेवून. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांत चुरडली जाणारी मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी तयार होतो. लोकर आणि रेशीम यांना जळलेल्या केसांचा वास येतो. गंमत अशी की व्हिस्कोसही कागदासारखेच जळते, म्हणून बांबूची लबाडी या परीक्षेत पकडली जात नाही. त्याला दुसरी युक्ती आहे. एक धागा कोरडा ओढून तोडा आणि दुसरा जिभेवर ओला करून तोडा. सुती धागा ओला झाल्यावर अधिक चिवट होतो. व्हिस्कोसची ताकद ओले झाल्यावर निम्म्याच्या आसपास उतरते, तो पटकन तुटतो. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी यंत्र होते, पण सवय झालेल्या बोटांना यंत्राची गरज क्वचितच पडली.

आणखी एक जागच्या जागी होणारी परीक्षा. मंगलदास मार्केटमध्ये एका दुकानात मला ‘ब्लीच न केलेले, कोणतीही प्रक्रिया नसलेले’ म्हणून मलमल दाखवण्यात आली. गल्ल्यापाशी नोटा तपासायचा जांभळा दिवा होता. मी त्या कापडाची घडी त्याखाली धरली, तर ती निळसर पांढरी लखलखली, म्हणजे तिच्यात चमक आणणारे रसायन होते. त्याच दुकानातला बदामी मांजरपाट मात्र त्या दिव्याखाली मंदच राहिला, आणि मी तो घेतला. ही परीक्षा नव्या कापडावरच करावी, कारण घरातल्या अनेक साबणपावडरींतही हेच रसायन असते आणि चार धुण्यांनंतर कोणतेही कापड तसेच चमकते. ‘सुरकुत्या न पडणाऱ्या’ सुती चादरी बाळासाठी टाळाव्यात. त्या गुणासाठी बहुधा फॉर्मल्डिहाइड असलेली राळ वापरलेली असते.

अंथरायला मलमल किंवा पातळ मांजरपाट यांहून चांगले काही नाही. ते चौदाव्या मजल्यावरच्या वाऱ्यावर दोन तासांत वाळते, आणि पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभरात. सहा चादरी हव्यात, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक लावून गादीखाली घट्ट बसणाऱ्या. सैल चादर बाळाच्या अंगाखाली गोळा होते आणि तोंडावर येते. नवे कापड वापरण्यापूर्वी तीन वेळा धुवा. पहिल्या धुण्यात विणताना सुताला लावलेली खळ निघते, आणि ती निघाली की नाही हे पाण्याचा थेंब टाकून कळते: थेंब मण्यासारखा बसून राहिला तर आणखी धुवा, लगेच जिरला तर झाले. कापड मऊ करणारे द्रव मात्र वापरू नयेत, ते धाग्यावर मेणासारखा पातळ थर चढवतात आणि सुती कापडाचे पाणी पिणे कमी करतात.

शू गादीपर्यंत जाऊ नये म्हणून एक जलरोधक थर लागतोच, आणि येथे मी शुद्धतेचा आग्रह सोडते. परदेशात यासाठी जाड लोकरीचे नमदे वापरतात. मुंबईत ते वाळणार नाहीत आणि बाळाला गरमही होईल. आपल्या धनगरी घोंगडीचा प्रश्न वेगळाच, ती बाळाच्या त्वचेला टोचते. तेव्हा पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा लावलेली ड्रायशीट चादरीखाली घालावी, दोन घ्याव्यात, आणि त्यांनी गादीचे आयुष्य वाढते हे लक्षात घेऊन अपराधी वाटून घेऊ नये. जुन्या पद्धतीचे जाड रबरी कापड नको, त्यावर घाम साचतो.

आणि आता सासूबाईंची गोधडी, जी माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत पर्यावरणपूरक वस्तू आहे, कारण तिच्यासाठी नवीन काहीच पिकवावे, विणावे किंवा रंगवावे लागत नाही. वीस वर्षे धुतलेल्या सुती नऊवारीतला सुटणारा रंग, खळ, मेण सगळे केव्हाच वाहून गेलेले असते, आणि धागा इतका मऊ झालेला असतो की कोणत्याही कारखान्याला तसा करता येणार नाही. साडी खरोखर सुती आहे ना, हे वरच्या धागा जाळायच्या परीक्षेने पाहून घ्या. १९८० नंतरच्या बऱ्याच ‘सुती’ साड्यांमध्ये पॉलिएस्टर निघते. काठाची जर काढून टाका. चार ते पाच पदरांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर ती गोधडीही माझ्या त्या गादीसारखीच वाळेनाशी होईल. धावदोरा बोटभर अंतरावर आणि जवळ जवळ टाक्यांचा घालावा, म्हणजे बाळाची बोटे अडकतील असे मोकळे फास राहत नाहीत. ही गोधडी बाळाच्या अंगावर पांघरायची नाही. ती अंगाखालची आहे. जमिनीवर झोपणाऱ्या घरात तर चटईवर दोन पातळ गोधड्या आणि त्यांवर घट्ट खोचलेली मलमल, आईच्या गादीशेजारी पण वेगळी, हे अंथरूण टणक, सपाट आणि शेवटच्या टाक्यापर्यंत धुता येणारे असते, आणि पाळणा घेण्याची ऐपत असलेल्यांनाही मी ते सुचवते. अंगावर मुंबईच्या जुलैमध्ये पातळ सुती झबले आणि मंद पंखा पुरे. झोपताना टोपडे काढावे. बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकते.

एक गोष्ट मात्र सासूबाईंना आजच विचारा: त्या साड्या ज्या ट्रंकेत होत्या, तिच्यात डांबरगोळ्या होत्या का? त्या गोळ्यांतील नॅफ्थलीन या रसायनाची वाफ कापडात मुरते, आणि ज्या बाळांमध्ये जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्यात ती रक्तपेशी फोडून तीव्र कावीळ घडवू शकते. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही आणि जन्मतः दिसून येत नाही. थोरल्या भावंडांची दुपटी, कुंची, बाळोती, सगळ्याला हाच नियम. असे कापड दोनदा धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस उन्हावाऱ्यात ठेवावे आणि वास राहिला तर बाळासाठी वापरू नये. कापूरही ठेवू नये. कडुनिंबाचा सुकलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवला, आणि कपडे पूर्ण कोरडे असतानाच ठेवले, तर तेवढे पुरते.

तुमच्या हाताशी एप्रिल आणि मे आहेत. गादी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करायला टाका, म्हणजे रबर लावलेल्या काथ्याचा नवा वास जायला तिला खोळीशिवाय, भिंतीशी उभी, तीन आठवडे वारा मिळेल. गोधडी आणि चादरी मेच्या उन्हात तीनदा धुवून निघू द्या. दोन तासांचे ऊन मे महिन्यात पुष्कळ होते.